लेंटचे चाळीस दिवस आणि आपल्या घरची मुले

वाचावयाचे शास्त्रपाठ: यशया ५८:१–१२, मत्तय ६:१–१८, लूक १८:९–१४.



माघ महिना सरत आला म्हणजे खेड्यापाड्यांतील उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांनी विचारतात. लेंटचे दिवस मोठ्यांनी पाळावेत हे ठीक. परंतु घरात लहान मुले आहेत, त्यांचे काय करावे? त्यांस उपास करावयास लावावा काय? की त्यांस खेळू द्यावे आणि आपण मोठ्यांनीच काय ते करावे? शहरातील मोठ्या मंडळ्यांत या दिवसांसाठी छापील पाठ असतात, आठवड्याच्या मधल्या वारी सभा असतात, गाणारे असतात. खेड्यातील घरात एक खोली, एक चूल, दिवसभर रानात राबून आलेली आईबापे आणि दिवे लागताच पेंगणारी मुले असतात. प्रस्तुत पाठ अशाच घरांसाठी आहे. ज्याला पैसा लागेल असे त्यात काही सांगितलेले नाही.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. आमच्या आजापणज्यांनी लेंट पाळला नाही, मग आम्ही तो का पाळावा, असे पुष्कळ जुनी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्याला कारणही आहे. १५२२ साली स्वित्झर्लंडातील झुरिच शहरी फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी लेंटच्या दिवसांत काही मंडळींनी मांस खाल्ले. त्या काळी हा दंडनीय अपराध होता, आणि त्या मुद्रकास अटकही झाली. झ्विंग्ली हा धर्मसुधारक त्या वेळी तेथे हजर होता. त्याने स्वतः ते खाल्ले नाही. परंतु पुढे त्याने उपदेश केला की, अन्नाच्या बाबतीत ख्रिस्ती मनुष्य मोकळा आहे. उपवास करणाऱ्याने खुशाल करावा, पण तो दुसऱ्याच्या मानेवर जू म्हणून ठेवू नये. याच धर्मसुधारणेच्या प्रवाहातील प्युरिटन लोक पुढे अमेरिकेत गेले, आणि त्यांच्याच परंपरेतील मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, सातारा या भागांतील कित्येक मंडळ्या त्यांच्या श्रमांचे फळ होत. त्यांनी आपल्या वाडवडिलांस रविवार पाळावयास शिकविले, कुटुंबातील प्रार्थना शिकविली, पण लेंट शिकविला नाही. उलट अँग्लिकन मिशनच्या मंडळ्यांत प्रार्थनापुस्तकाबरोबर राखेचा बुधवार व लेंट आले. एकाच तालुक्यात दोन्ही प्रकारच्या मंडळ्या होत्या. सोयरिकी जुळल्या, आणि एखाद्या घरात सुनेबरोबर राखेचा बुधवार आला. तारीख २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या मंडळीची स्थापना झाली, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र मिळाले. म्हणून पाळणाऱ्याने न पाळणाऱ्यास कमी लेखू नये, व न पाळणाऱ्याने पाळणाऱ्यास हसू नये. रोमकरांस पत्र, अध्याय १४, ओव्या ५ व ६ यांत पौलाने या वादाचा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे. माझे स्वतःचे मत असे की, ज्या घरी मुले आहेत त्या घरी हे दिवस पाळावेत. कारण वर्षातून एकदा घराची घडी थोडी बदलली म्हणजे मुले होऊन विचारतात की, हे काय चालले आहे? वल्हांडणाच्या रात्री मुलांनी असेच विचारावे अशी परमेश्वराची योजना होती (निर्गम १२:२६). मुलाने न विचारता दिलेले उत्तर त्याच्या कानाशीच राहते.

दिवसांची मोजणी सोपी आहे, पण ती पुष्कळांस चुकते. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. त्यांतील सहा रविवार वगळले म्हणजे ४० उरतात. रविवार वगळण्याचे कारण असे की, प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस आहे आणि त्या दिवशी उपवास नाही. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीस व पुनरुत्थानाचा रविवार ५ एप्रिलास होता. कोणीही बोटांवर मोजून पाहावे. ज्या मुलास पाढे येतात त्याच्याकडूनच ही मोजणी करवून घ्यावी, आणि मग घराच्या आतल्या भिंतीवर रोज संध्याकाळी त्याच्या हातून गेरूची एक रेघ ओढवावी. रविवारी रेघ नाही; त्या दिवशी भाकरीबरोबर गुळाचा खडा. बस्स, एवढ्याने मुलास रविवार कशाने निराळा आहे हे समजते. मोठमोठ्या व्याख्यानांनी ते समजत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता उपवासाविषयी. आपण ज्या गावांत राहतो तेथे एकादशी आहे, चतुर्थी आहे, सोमवार-गुरुवार आहेत, आणि मुसलमान शेजाऱ्यांचा रमजान आहे. २०२५ साली तर मार्च महिन्यात रमजान व लेंट बरोबरच चालले होते. आपली मुले शाळेत या सर्व घरांतील मुलांबरोबर बसतात. शेजाऱ्याचा उपवास हा हसण्याचा विषय नव्हे, हे त्यांस प्रथम शिकवावे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपण शेजाऱ्यास उद्देशून बोलू नये. ती स्वतःस लावून पाहावी. मांस सोडले आणि त्याच्या बदली तळलेले दोन पदार्थ वाढविले, असा लेंट आपल्यातही पाळला जातो.

परंतु याहून खोल एक धोका आहे, आणि तो नव्या विश्वासणाऱ्यांच्या घरी अधिक असतो. तो धोका नवसाचा. पोर आजारी पडले, म्हैस आटली, मुलाची परीक्षा जवळ आली, की देवाशी करार करावयाची सवय आपल्या रक्तात फार जुनी आहे. मी इतके दिवस अमुक खाणार नाही, तू माझे तमुक कर. आईने मुलास असे म्हटलेले कित्येकदा कानी येते की, लेंटमध्ये गोड सोड, म्हणजे प्रभु तुला पास करील. आईचा हेतू वाईट नसतो. तरी ती त्या मुलाच्या मनात कोणता देव बसविते याचा तिने विचार करावा. साखरेच्या मोबदल्यात मार्क देणारा देव तो आपल्या प्रभूचा पिता नव्हे. आणि मूल नापास झाले म्हणजे? मग ते एक तर देवास खोटा म्हणेल, नाहीतर आपणच काही कमी सोडले असे समजून झुरेल. तारण हे दान आहे. ते ख्रिस्ताने वधस्तंभावर मिळविले आहे. आपल्या उपवासाने त्यात एका दाण्याचीही भर पडत नाही. आठवड्यातून दोनदा उपवास करणारा परूशी देवळातून जसा आला तसाच परत गेला, हे आपणास ठाऊक आहे. मग उपवास कशासाठी? यशयाच्या ५८ व्या अध्यायात परमेश्वर याचे उत्तर देतो. तो म्हणतो त्याचा भावार्थ असा की, जाचाची बंधने तोडावीत, भुकेल्यास आपल्या भाकरीतील वाटा द्यावा, उघड्यास वस्त्र द्यावे, आणि आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नये; याला मी उपवास म्हणतो. या चारही गोष्टी मुलांदेखत करता येतात.

वाढत्या मुलास उपाशी ठेवू नये. हे मी स्पष्ट लिहितो, कारण अतिउत्साहाने कोठे कोठे तसे घडते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, आजारी माणसांनी, मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी, आणि उन्हात मजुरी करणाऱ्यांनीही अन्नपाणी सोडण्याचा हट्ट धरू नये. ज्या घरी पावसाच्या तोंडाशी कणगी रिकामी होते त्या घरास भूक म्हणजे काय हे लेंटने शिकविण्याची गरज नाही. गरिबाची भूक हे पुण्य नव्हे. ते दुःख आहे, आणि प्रभूला त्याचा कळवळा येतो. पाच हजारांस जेवू घालण्याच्या वेळी त्याने लोकांस उपवासाचा उपदेश केला नाही.

मुलाने काही सोडावे असे वाटत असेल तर ते त्याने स्वतः निवडावे, आणि ते लहान असावे. दुकानातला खाऊ, मोबाइलवरील खेळ, भावंडास मारलेली हाक-टोपणनावे, यांपैकी एक पुरे. पण आईबापांनी अगोदर आपले सोडावे. बापाच्या कमरेला तंबाखूची पिशवी आणि तोंडी मुलासाठी त्यागाचा उपदेश, हे मुलास दिसते. आजीची मिश्री त्यास दिसते. ज्या घरी संध्याकाळी दारू येते त्या घरी तर मुलाने काय सोडावे याची चर्चाच नको. बापाने ती बाटली सोडली तर त्या घरातील मुलांस ते चाळीस दिवस जन्मभर आठवतील. सोडणे जड जाते हेही मुलांपासून लपवू नये. आज मला फार तलफ आली होती, मी प्रार्थना केली, असे बापाने जेवताना साधेपणाने सांगितले म्हणजे अरण्यातील परीक्षेचा पाठ मुलास अर्धा समजला.

संध्याकाळच्या प्रार्थनेविषयी माझी सूचना अशी की, रोज नवी गोष्ट घेऊ नये. लहान मुलास तीच गोष्ट पुन्हा ऐकावयास आवडते. मोठ्यांसच कंटाळा येतो. पहिले चार दिवस घराची तयारी करण्यात व मोजणीत जावोत. त्यानंतर एका आठवड्यास एक गोष्ट घ्यावी. पहिल्या आठवड्यात प्रभु अरण्यात होता ती (मत्तय ४:१–११). दुसऱ्यात सारफथच्या विधवेची, जिच्या मडक्यात मूठभरच पीठ उरले होते (१ राजे १७:८–१६). तिसऱ्यात उधळ्या पुत्राची. आणि ती सांगताना पोराने काय उधळले यावर भर न देता बाप कसा धावत गेला यावर द्यावा, कारण आपल्याकडे वयस्क माणूस गावादेखत धावत नाही. चौथ्यात जक्कयाची, पाचव्यात आंधळ्या बार्तीमयाची, आणि सहाव्यात प्रभूच्या दुःखसहनाची. पहिल्या दिवशी बापाने किंवा आईने वाचावी, दुसऱ्या दिवशी आजीने आपल्या बोलीत सांगावी, तिसऱ्या दिवशी मुलांनी. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये. ज्यांनी सुवार्ता प्रथम ऐकली त्यांतील कित्येकांस वाचता येत नव्हते. पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. मूल पेंगले तर त्यास जागे करून पाठ संपवू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचे काय, असेही कोणी विचारील. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो, म्हणून लेंटचा बहुतेक काळ त्यांचा कारखान्याच्या रानातच जातो. तेथे कोपीला भिंत नाही, मग गेरूची रेघ कोठे ओढणार? त्यांनी एक सुतळी घ्यावी व रोज एक गाठ मारावी. ती बैलगाडीबरोबर वा ट्रॅक्टरबरोबर कोठेही जाते. पुष्कळ मुले मात्र आजीआजोबांपाशी गावी राहतात. अशा घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलांनी फडावरील आईबापांची नावे घेऊन प्रार्थना करावी, आणि मोबाइलवर बोलणे होईल त्या दिवशी दोन्हीकडे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. रेघा आणि गाठी सारख्या भरल्या आहेत ना, हे मुले आवर्जून विचारतात. उपदेशकांनी अशा घरांस आठवड्यातून एकदा तरी भेट द्यावी. भक्तीस किती माणसे आली नाहीत हे वहीत लिहून ठेवण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे.

आता भाकरीच्या वाट्याकडे वळू. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक रीत पाळीत आल्या आहेत. स्वयंपाकासाठी तांदूळ काढला की त्यातून एक मूठ त्या प्रभूच्या कार्यासाठी बाजूच्या भांड्यात टाकतात. तिला त्यांच्या भाषेत ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. अशा मुठी साठून तेथील मंडळ्यांनी सुवार्तेचे मोठे कार्य चालविले आहे, आणि ते एखाद्या श्रीमंताच्या देणगीवर नव्हे. आपल्याकडेही मूठधान्य नवे नाही. पण हल्ली दळण गिरणीवरून येते, धान्य रेशनवरून येते, आणि मूठ काढणे मागे पडले आहे. लेंटमध्ये ते पुन्हा सुरू करावे. एक गाडगे कोपऱ्यात ठेवावे. रोज संध्याकाळी घरातील सर्वांत लहान मुलाने आईच्या हाताखाली हात धरावा, आईने त्याच्या ओंजळीत मूठभर ज्वारी, बाजरी, गहू किंवा तांदूळ घालावे, आणि त्याने ते गाडग्यात टाकावे. मोठ्या माणसाची मूठ सुमारे पन्नास ग्रॅम धरली तर चाळीस दिवसांत दोन किलो धान्य होते. दोन किलोत वीस-पंचवीस भाकरी होतात. मंडळीतील वीस घरांनी असे केले तर चाळीस किलो. हा हिशोबही मुलांकडूनच करवावा.

मात्र येथे एक अट आहे. ही मूठ घरात उरलेल्यातून नव्हे, तर घरातील मोठ्यांनी कमी केलेल्यातून यावी. किडलेली ज्वारी आणि गाई-म्हशींपुढे टाकण्याजोगे तांदूळ गाडग्यात गेले तर मूल तेच शिकते: देवाला द्यावयाचे ते टाकाऊ. आणि जे घर खरोखर अडचणीत आहे त्याने गाडगे ठेवलेच पाहिजे असे नाही. त्या घरच्या मुलांस शेजारच्या गाडग्यात मूठ टाकावयास बोलवावे.

धान्य कोणास द्यावे? मंडळीच्या फंडात टाकणे सोपे आहे, व त्यात वाईट काही नाही. पण मुलांच्या दृष्टीने मला दुसरे बरे वाटते. वस्तीत एकटी म्हातारी असेल, नवरा गेलेली बाई असेल, अपघाताने घरी बसलेला मजूर असेल, त्यास द्यावे. मग तो आपल्या मंडळीचा असो वा नसो. ख्रिस्ती नाही म्हणून वगळू नये, आणि ख्रिस्ती व्हावा म्हणूनही देऊ नये. धान्य देऊन माणसे जमविली हा आरोप आपल्या मंडळ्यांवर दुष्काळाच्या काळापासून होत आला आहे. आपल्या मुलांच्या हातून दिलेली मूठ त्या आरोपास जागा ठेवणारी नसावी. देताना फोटो काढू नये. नाव सांगू नये. उजव्या हाताचे डाव्यास कळू नये, असे प्रभूने याच गोष्टीविषयी सांगितले आहे, आणि हल्ली तर डावा हात मोबाइल धरून उभा असतो. मूल फुशारकी मारील, ते स्वाभाविक आहे. त्यास रागावू नये. आज त्या आजीने आपल्याला काय दिले, तिने आपल्याला कसे बसविले, कोणती जुनी गोष्ट सांगितली, असे विचारून त्याचे मन दुसरीकडे वळवावे.

यशयाने सांगितलेली शेवटची गोष्ट, म्हणजे आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपविणे, ही मी मुद्दाम मागे ठेविली आहे, कारण सर्वांत जड तीच आहे.

आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांत दोन भावांचे बोलणे बंद असणे ही विरळ गोष्ट नाही. कारण बहुधा बांधाचे असते. एकाने नांगरताना बांध चार बोटे कोरला, दुसऱ्याने लिंबाचे झाड तोडले, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, बहिणीच्या लग्नाचा खर्च कोणी किती केला. दोघेही रविवारी भक्तीस येतात. एक उजवीकडे बसतो, एक डावीकडे. दोघेही प्रभुभोजन घेतात. पाळकसाहेबांस ठाऊक असते, पंचांस ठाऊक असते, आणि आपण समजतो की मुलांस ठाऊक नाही. वस्तुतः मुलांस ते सर्वांत अगोदर ठाऊक होते. कोणाच्या अंगणात चेंडू गेला तर आणावयास जावयाचे नाही, कोणत्या चुलतीने हाक मारली तरी ओ द्यावयाची नाही, हे त्यांस कोणी न शिकविता येते. शब्बाथशाळेत आपण त्यांस शेजाऱ्यावर प्रीती करावयास शिकवितो, आणि घरी त्यांस चुलत भावाबरोबर खेळू देत नाही. असे घर चाळीस दिवस काय, चारशे दिवस मांस सोडून राहिले तरी तो लेंट नव्हे. मत्तय ५:२३–२४ या ओव्यांत प्रभूने दान वेदीपुढेच ठेवून अगोदर भावाकडे जावयास सांगितले आहे. ज्याच्या मनात भावाविषयी काही असेल त्याने जावे असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर जावे, असे म्हणतो. म्हणजे चूक कोणाची हा प्रश्नच त्याने मागे टाकला.

हे उपदेशाने होत नाही हे मी जाणतो. जमिनीचा न्याय हाही खरा प्रश्न आहे. ज्याचा बांध कोरला गेला त्यास नुसते क्षमा कर म्हणून गप्प बसविणे हा अन्याय आहे, आणि त्याने कागदपत्र काढून मोजणी मागविली तर तो विश्वासात कमी पडला असे होत नाही. जक्कयाने क्षमा मिळाली म्हणून घेतलेला पैसा ठेवून घेतला नाही. त्याने चौपट परत केला. परंतु मोजणी चालू असतानाही चुलतीच्या हाकेला ओ देता येते. लेंटच्या चौथ्या आठवड्यात, जक्कयाची गोष्ट चालू असताना, एवढे तरी करावे: मुलांस त्या अंगणात खेळावयास जाऊ द्यावे. आजारपण असेल तर सणाची वाट न पाहता भाजीची वाटी मुलाच्या हाती पाठवावी. वाटी परत आली तर पुन्हा पाठवावी. पुष्कळ ठिकाणी मोठ्यांच्या अगोदर मुले दार उघडतात. आपण ते लोटून घेतले नाही तर पुरे.

आणि घरातल्या घरातही क्षमा मागावी. बापाने रागाच्या भरात मुलास विनाकारण मारले असेल तर त्याने संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मुलास म्हणावे, माझे चुकले. याने बापाचा मान जातो असे आपल्याकडे समजतात. मला उलट दिसून आले आहे.

दुःखसहनाच्या आठवड्यात मुलांस चंद्र दाखवावा. पुनरुत्थानाचा रविवार कसा ठरतो हे पुष्कळांस गूढ वाटते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार, असा तो साधा नियम आहे, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. मंडळीच्या गणितात व पंचांगात कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण चंद्र मोठाच असतो. कधी ती फाल्गुनी पौर्णिमा असते. २०२४ साली होळी झाली आणि त्याच आठवड्यात २९ मार्चला उत्तम शुक्रवार आला. (अशा वर्षी धुळवडीवरून मुलांशी भांडण काढू नये. सोबत्यांनी रंग लावला तर तो धुतला म्हणजे जातो.) बहुधा ती चैत्री पौर्णिमा असते, जशी २०२६ साली गुरुवारी, २ एप्रिलास होती. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारासच येत असे. म्हणून गेथशेमाने बागेत प्रभु प्रार्थना करीत होता त्या रात्री झाडांखाली असेच टिपूर चांदणे असले पाहिजे. गुरुवारी रात्री मुलांस अंगणात घेऊन बसावे व त्या चांदण्यात ती गोष्ट सांगावी. शिष्यांस झोप आवरली नाही, हे मुलांस सहज पटते.

त्याच संध्याकाळी बापाने आपल्या मुलांचे पाय धुवावेत. तांब्याभर पाणी व एक पंचा पुरे आहे. योहानाच्या १३ व्या अध्यायातील ही गोष्ट आपल्या घरांत निराळ्या रीतीने ऐकू येते, हे विसरू नये. आपल्यातील कित्येकांच्या आजोबांस ओंजळीत वरून पाणी ओतले जात असे. पाणवठ्यास त्यांचा हात लागू देत नसत. त्यांच्या नातवंडांस हे माहीत असावे, आणि हेही माहीत असावे की ज्याच्या हाती पित्याने सर्व काही दिले होते त्याने कंबर बांधून कोळ्यांच्या पायांची धूळ आपल्या हातांनी धुतली. शेतातून आलेल्या मुलाच्या टाचेत काटा असतो, भेगा असतात. पाय धुताना त्या बापाच्या हातास लागतील. धुऊन झाल्यावर काही बोलावयाची गरज नाही. मुलाने आईचे पाय धुवावयास तांब्या घेतला तर घेऊ द्यावा.

उत्तम शुक्रवारी लहान मुलांस तीन तासांच्या भक्तीत सर्व वेळ बसविण्याचा आग्रह उपदेशकांनी धरू नये. एका आईने त्यांस बाहेर सावलीत घेऊन बसावे. वधस्तंभाच्या यातनांचे भयानक वर्णन करून मुलांस रडविणेही बरे नव्हे. रात्री ती दचकून उठतात, आणि त्यांस प्रीतीऐवजी भीती आठवते. प्रभूने आपल्या आईची सोय लावली, शेजारच्या चोरास आश्वासन दिले, मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, एवढे सांगावे.

शनिवारी शेवटची रेघ ओढून दुपार कलली म्हणजे गाडगे खाली उतरवावे. धान्य पाखडून, निवडून स्वच्छ पिशवीत भरावे. ज्याला द्यावयाचे त्यास ते दळून आणून रविवारचा स्वयंपाक करता आला पाहिजे, म्हणून अंधार पडेपर्यंत थांबू नये. मुलांनीच घेऊन जावे, दारात ठेवून पळू नये, विचारले तर आईने पाठविले आहे एवढेच सांगावे. त्या घरी एखादा माणूस जेवावयास बोलावता येण्यासारखा असेल तर रविवारी आपल्याकडे बोलवावा. गाडगे धुऊन चुलीपाशी पालथे घालावे, आणि मुलांस लवकर निजवावे. पहाटेच्या भक्तीसाठी त्यांस अंधारातच उठवावे लागते, आणि उठल्याबरोबर ती गूळ मागतात.